मगदूमबाईंचे अडतीस भाग

“तृप्ती, दार नीट ओढून घे गं. गिरणी सुरू व्हायला अडीच तास आहेत अजून,” मगदूमबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि मायक्रोफोनसमोर पुस्तक उघडलं.

मी दार ओढलं, पंखा बंद केला आणि हेडफोन कानाला लावले. ध्वनिमुद्रणाची खोली कसली, जुन्या सामानाची खोली होती ती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर घोंगडं. शेजारी हळद दळायची गिरणी होती. दहाला ती सुरू झाली की भिंत थरथरायची, म्हणून आमचं काम साडेसात ते पावणेदहा. एप्रिल महिना, पंखा बंद. बाईंच्या कपाळावरून घामाचे ओघळ यायचे, पण पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून त्या घामसुद्धा पान संपल्यावरच पुसायच्या.

ही सन दोन हजार नऊमधली गोष्ट. सांगलीत अंधांसाठी बोलत्या पुस्तकांचं एक छोटं वाचनालय होतं, तिथे मी आठ महिन्यांपूर्वी कामाला लागले होते. बीएस्सी होऊन घरी बसले होते. वडिलांच्या ओळखीने दामोदर चौगुल्यांकडे गेले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. लहानपणी देवी येऊन त्यांचे दोन्ही डोळे गेले. पुढे पंचवीस वर्षं त्यांनी बँकेत टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं. बँकेने ते काम यंत्रावर टाकल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हे वाचनालय काढलं. मला नेमताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. “ऐकायला येतं का नीट?”

मगदूमबाई त्यांच्याकडे अकरा वर्षं पुस्तकं वाचत होत्या. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज खणखणीत. पण त्या वर्षी संक्रांतीपासून घसा बसला तो उतरेना. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीसारख्या साडेसातला आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, “रेश्माचं पुस्तक अर्ध्यावर आहे. ते पुरं करते.”

रेश्मा मुजावर जतची. जन्मापासून अंध, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. तिला हवं होतं ते दिवाणी प्रक्रियेवरचं सातशे पानांचं पुस्तक. वादी, प्रतिवादी, हुकूमनामा, दरखास्त, तीच ती वाक्यं थोड्याथोड्या फरकाने. बाईंनी आयुष्यभर कविता शिकवल्या होत्या, आणि त्यांचा शेवटचा आवाज या असल्या पुस्तकावर खर्च होतोय याचं मला वाईट वाटायचं. एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, “कविता तिला कुणीही वाचून दाखवेल. हे कोण वाचणार?”

त्या शनिवारी शेवटची तीस पानं राहिली होती. बाई वाचत होत्या तो आवाज आता बाईंचा वाटतच नव्हता. लाकडावर पॉलिश पेपर घासावा तसा खरखरीत. मध्येच एखादा शब्द नुसताच वाऱ्यासारखा निघायचा, मग त्या थांबून तो परत घ्यायच्या. सव्वानऊला शेवटचं वाक्य झालं.

“झालं?”

“झालं, बाई. एकूण चौऱ्याऐंशी भाग.”

“तपासून ठेव नीट. नंतर मागशील तर मिळायचं नाही,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. “जा, रिक्षा बघ. मी येतेच.”

मी घाईने बाहेर गेले. रिक्षा घेऊन परत आले तेव्हा त्या पायरीवर उभ्या होत्या. मंगळवारी ऑपरेशन झालं.

आता थोडं कॉम्प्युटरचं सांगायला हवं. आमच्याकडे दोन होते. एक मुद्रणाच्या खोलीत, दुसरा बाहेर वाचनालयात, जिथून लोक पेनड्राइव्हवर पुस्तकं नेत. दर शनिवारी अण्णा आतलं सगळं बाहेरच्यावर उतरवायचे. त्यासाठी ते आरसिंक नावाचा प्रोग्रॅम वापरत. फुकटचा, कुणीही घ्यावा, कुणीही उघडून बघावा असा. त्याला ना चित्रं ना बटणं. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. अण्णांचा त्याच्यावर फार जीव. “याला डोळे लागत नाहीत,” म्हणायचे. ओळीत आधी ‘कुठून’ लिहायचं, मग ‘कुठे’. तो दोन्हीकडच्या फाइली ताडून बघतो आणि फरक असेल तेवढंच नेतो. शेवटी आणखी एक शब्द जोडला, तर ‘कुठून’मध्ये जे नाही ते ‘कुठे’मधून पुसूनही टाकतो, म्हणजे दोन्हीकडे अगदी एकसारखं होतं. अण्णा आधी नेहमी कोरडी फेरी घ्यायचे. म्हणजे काय काय होईल ते तो नुसतं सांगतो, करत काही नाही. ते सगळं ऐकून झालं की मगच खरी आज्ञा. मला त्यांनी हे चार-पाच वेळा समजावलं होतं.

पण त्या एप्रिलच्या सुरुवातीला आतल्या कॉम्प्युटरची डिस्क बदलावी लागली, आणि तेवढ्यापुरतं अण्णांनी उलटं केलं. बाहेरच्यावरून सगळं आतल्यावर आणलं. आणि लगेच दोन दिवसांनी विजेच्या झटक्याने बाहेरचाच कॉम्प्युटर बिघडला. तो दुरुस्तीहून यायला तीन आठवडे लागले. बाईंनी या तीन आठवड्यांत वाचलेले अडतीस भाग, सत्तेचाळीस ते चौऱ्याऐंशी, फक्त आतल्या कॉम्प्युटरवर होते.

बाहेरचा कॉम्प्युटर गुरुवारी सकाळी दुरुस्त होऊन आला. अण्णा अंधांच्या संघटनेच्या बैठकीला पुण्याला गेले होते. मी फोन केला.

“राहू दे तसंच. मी उद्या येतो, मग करू,” ते म्हणाले.

“अण्णा, रेश्मा उद्या यायची आहे. मी करते की. मला येतं.”

“येतं तर तुला. पण घाई काय आहे?”

घाई काही नव्हती. मला फक्त ते येतील तेव्हा सगळं तयार दाखवायचं होतं. आठ महिने झाले तरी मी नुसती दार ओढायची आणि पंखा बंद करायची, असं मला वाटायला लागलं होतं.

मी आतल्या कॉम्प्युटरपुढे बसले. वरचा बाण दाबत गेलं की जुन्या आज्ञा एकेक करून समोर येतात. आरसिंकची ओळ दिसली. एवढी लांब ओळ नव्याने कोण लिहीत बसणार? मी एंटर दाबलं.

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला ‘डिलीटिंग’. मला वाटलं, बाहेरचा जुना कचरा साफ होतोय. मी उठून पाणी पिऊन आले. मग बाहेरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बाईंच्या पुस्तकाचा फोल्डर उघडला. सेहेचाळीस भाग. आत येऊन आतला उघडला. तिथेही सेहेचाळीस. अण्णांनी डिस्क बदलली होती त्या दिवशीची ओळ होती ती. उलट्या दिशेची. आतल्या कॉम्प्युटरला बाहेरच्याइतकं करून टाकलं होतं मी.

मी किती वेळ तशीच उभी होते आठवत नाही. गिरणी सुरू होती आणि टेबलावरचा पेला हळूहळू कडेला सरकत होता, तेवढं आठवतं.

मग मी अण्णांना फोन केला.

“अण्णा, डिस्क गेली बहुतेक. फाइली दिसत नाहीत.”

“कुठल्या?”

“बाईंच्या. शेवटच्या सगळ्या.”

पलीकडे कुणीतरी भाषण करत होतं, टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्या. मग अण्णा म्हणाले, “कॉम्प्युटरची वायर ओढ. नेहमीसारखा बंद करत बसू नको, सरळ वायर ओढून काढ. आणि मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते दारात होते. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. आतल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून बोटांनी चाचपत डिस्क काढली, स्क्रू एका बशीत ठेवले, बाहेरच्या कॉम्प्युटरला ती जोडली. वर काही लिहिलं जाणार नाही, नुसती वाचली जाईल, अशी. कानात इअरफोनचा बोळा घातला. त्यांचा कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवायचा तो इतक्या वेगाने की मला मोहरी तडतडल्यासारखं ऐकू यायचं. एक शब्द कळायचा नाही. मी शेजारी उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

एका जागी त्यांचं बोट थांबलं. तीच ओळ त्यांनी परत ऐकली. आणखी एकदा ऐकली. मग कानातला बोळा काढून टेबलावर ठेवला.

“डिस्क धडधाकट आहे,” ते म्हणाले.

मी बशीतल्या स्क्रूंकडे बघत राहिले.

“फाइली गेल्यात खऱ्या. परत मिळतात का बघू.” त्यांचा आवाज नेहमीचाच होता. “फाइल पुसली म्हणजे काय होतं, ठाऊक आहे? यादीतून नाव जातं. माल जागच्या जागी असतो, त्याच्यावर दुसरं काही येऊन पडेपर्यंत. वायर वेळेवर ओढलीस, ते बरं केलंस.”

त्यांनी शाबासकी दिली याची मला जास्त लाज वाटली.

पुसलेल्या फाइली शोधणारा असाच एक फुकटचा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. तो त्यांनी लावला. सात तास तो डिस्क खरवडत होता. मध्येच, दुपारी एकच्या गाडीने रेश्मा आली. जतहून एकटीच, हातात पांढरी काठी, पाठीला पिशवी.

“सर, पुस्तक तयार आहे ना?”

“पहिले सेहेचाळीस भाग घेऊन जा,” अण्णा म्हणाले. “बाकीच्याला दहा दिवस दे.”

“पेपर अठरा मेला आहे, सर.”

“माहीत आहे. जरा अडचण आली.”

तिने कसली अडचण ते विचारलं नाही. पेनड्राइव्ह दिला, खुर्चीवर बसली. “बाई कशा आहेत?”

“ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडतील थोड्या दिवसांत. पण बोलणार नाहीत आता.”

रेश्मा थोडा वेळ काठीची मूठ फिरवत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे हे पुस्तक शेवटचं त्यांचं.”

मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. मी खोलीत आहे हे तिला माहीतही नसावं. मी श्वास घेतला तोसुद्धा आवाज न करता.

संध्याकाळी प्रोग्रॅम संपला. सहाशे अकरा तुकडे निघाले. नावं गेली होती, नुसते आकडे होते. काही तुकडे वीस मिनिटांचे, काही चार सेकंदांचे. मुद्रणाचा प्रोग्रॅम मधल्या मधल्या नकला करून ठेवायचा, त्याही त्यात मिसळलेल्या. क्रम कसलाच नाही. कुठे वाक्य अर्ध्यात सुरू होत होतं, कुठे अर्ध्यात तुटत होतं.

“छापील पुस्तक मांडीवर घे,” अण्णा दुसऱ्या दिवशी म्हणाले. “मी ऐकतो. तू पान शोध.”

नऊ दिवस आम्ही ते केलं. साडेसातला बसायचं, अंधार पडायच्या आत उठायचं. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हे पुस्तकावरून जुळणारं नाही. ‘न्यायालयास योग्य वाटेल असा आदेश देता येईल’ हे वाक्य सत्तर ठिकाणी होतं. शिवाय बाईंनी बरीच पानं दोनदा वाचलेली, आवाज गेला म्हणून परत घेतलेली. त्यातलं चांगलं कुठलं, टाकायचं कुठलं?

अण्णा तुकडा ऐकायचे आणि म्हणायचे, “हा पहिल्या आठवड्यातला. अजून ‘ळ’ स्वच्छ आहे.” किंवा, “हा पंधराव्या-सोळाव्या दिवशीचा. ऐक, श्वास घेताना शीळ वाजतेय. ती दुसऱ्या आठवड्यानंतर लागली.”

सुरुवातीला मला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. ते बोळा माझ्या कानात घालायचे, तोच तुकडा परत लावायचे, परत लावायचे. चौथ्या दिवशी मला ती शीळ ऐकू आली. पाचव्या दिवशी मी त्यांच्याआधी म्हणाले, “अण्णा, हा तुकडा आधीच्याच्या आधीचा आहे. इथे बाई ‘प्रतिवादी’ एका दमात म्हणतात. नंतर मध्ये तोडतात.”

“बरोबर,” अण्णा म्हणाले. आणि मग, थोड्या वेळाने, “बघ.”

आवाजाच्या खराबीवरून आम्ही दिवस लावत होतो. जितका आवाज बसलेला तितकं पान पुढचं. दिवसाचे तुकडे एकत्र केले की मग मी पुस्तकात बोट फिरवून नेमकी ओळ काढायची. मगदूमबाईंचा गळा रोज थोडाथोडा कसा गेला ते मी त्या नऊ दिवसांत तासन्‌तास ऐकलं. समोर बसून त्या वाचत होत्या तेव्हा मला ते कळलंच नव्हतं. तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे असायचं, गिरणीकडे असायचं.

नवव्या दिवशी दुपारी एक तुकडा लागला. अकरा सेकंदांचा. आधी नुसती शांतता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बाईंचा आवाज, अगदी शेवटचा, खरखरीत, पण सावकाश आणि नीट.

“मी सुलोचना मगदूम.”

थोडं थांबून परत, “मी सुलोचना मगदूम.”

मग पावलं आणि दार.

मी रिक्षा बघायला गेले होते तेव्हाचं होतं ते. मुद्रण बंद करायचं मी विसरले होते. त्या खोलीत एकट्याने बाईंनी स्वतःचं नाव दोनदा म्हणून बघितलं होतं, आणि मी तेही पुसून टाकलं होतं.

अण्णांनी पुढचा तुकडा लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“अण्णा,” मी म्हणाले, “डिस्क गेली नव्हती.”

“होय.”

“मी उलटी आज्ञा दिली. कोरडी फेरी न घेता. मी केलं ते.”

“होय.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“आलो त्याच दिवशी. तुझी ओळ होती की तिथे. वेळसुद्धा होती, अकरा वाजून वीस मिनिटं.”

“मग बोलला का नाहीत?”

अण्णांनी बोळ्याची वायर बोटाला गुंडाळली. “राग आला होता. फार आला होता. पण छापील पुस्तक मला वाचता येत नाही. तेव्हाच बोललो असतो तर तू रडत घरी गेली असतीस आणि परत आली नसतीस. मग पानं कुणी शोधली असती?” वायर त्यांनी परत सोडवली. “पुढे वाटलं, सांगेल. रोज वाटायचं, आज सांगेल.”

मी रडले तेव्हा त्यांनी अडवलं नाही. थांबले, आणि मग विचारलं, “किती भाग झाले?”

“पस्तीस. एकसष्ट, बासष्ट आणि अठ्ठ्याहत्तर मिळत नाहीत. त्यांचे तुकडेच नाहीत.”

“ते आता मिळायचेही नाहीत. तिथे दुसरं काहीतरी लिहिलं गेलं असणार.” ते उठले. “मला सांगितलंस, बरं केलंस. पण पुस्तक माझं नव्हे. जा त्यांच्याकडे.”

“आणि हा तुकडा? तो कुठे ठेवू?”

“तो पुस्तकातला नाही. तो त्यांचा आहे. घेऊन जा.”

बाईंना घरी आणून चार दिवस झाले होते. सुनेने दार उघडलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. गळ्यावर पांढऱ्या मलमलीचा तुकडा, तो श्वासाबरोबर हलत होता. मांडीवर एक पांढरी पाटी आणि पेन. मला बघून त्यांनी हाताने खुर्ची दाखवली.

मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गुरुवार, वरचा बाण, एंटर, फोनवर खोटं बोलले ते, नऊ दिवस, मिळाले ते, गेले ते. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मध्ये बोलता येत नव्हतं आणि मला थांबता येत नव्हतं. बोलून संपलं तेव्हा खोलीत नुसता त्यांच्या गळ्यातला श्वासाचा आवाज राहिला.

त्यांनी गळ्यावरची मलमल सरळ केली. मग पेन उचललं. दोन शब्द लिहिले, पुसले. परत काहीतरी लिहिलं, तेही पुसलं. ते काय होतं मला दिसलं नाही, आणि मी पुढेही कधी विचारलं नाही. शेवटी पाटी माझ्याकडे वळवली.

‘कोणते भाग गेले?’

“एकसष्ट, बासष्ट, अठ्ठ्याहत्तर.”

त्यांनी हात पुढे केला. मी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. त्यांनी पानं चाळली, एकसष्टाव्या भागाचं पान काढलं, त्यावर माझ्याच खुणा होत्या पेन्सिलीच्या. पुस्तक उघडं माझ्या हातात ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, ‘वाच.’

“मी?”

त्यांनी ‘वाच’खाली रेघ ओढली.

मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला बाईंनी हात वर केला. पाटीवर ‘पुन्हा.’ परत वाचलं. पुन्हा हात. या वेळी त्यांनी लिहिलं, ‘ऋणको. ण म्हण. तू न म्हणतेस.’ मी म्हटलं. ‘धावू नकोस. ती लिहून घेत असते.’ मी सावकाश वाचलं. ‘आता झोप येईल इतकं नको.’ सून चहा घेऊन आली, पाटी वाचून हसली आणि कप ठेवून गेली.

तासाभराने मी ते पान न अडखळता वाचू शकले. बाईंनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग पान उलटायची खूण केली.

तीन दिवस मी त्यांच्यासमोर सराव करून दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्रणाच्या खोलीत तेच वाचायचे. समोर आता मीच आणि दार ओढायला अण्णा. तो अकरा सेकंदांचा तुकडा मी पेनड्राइव्हवर घालून पहिल्याच दिवशी बाईंना दिला होता. त्यात काय आहे ते सांगितलं. त्यांनी तो माझ्यासमोर ऐकला नाही. चष्म्याच्या डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावलं.

आठ मेला रेश्मा येऊन उरलेले अडतीस भाग घेऊन गेली. “तीन भाग तृप्तीने वाचलेत,” एवढंच अण्णांनी तिला सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

बाई पुढे पाच वर्षं होत्या. मी वाचलेलं प्रत्येक पुस्तक आधी त्यांच्या पाटीखालून गेलं. अण्णा आता सत्तरीकडे आलेत, वाचनालय मी बघते. वर बाण दाबून आलेली ओळ मी आजही तशीच वापरत नाही. सगळी नव्याने लिहिते.

रेश्मा त्या परीक्षेत पास झाली. पुढच्या वर्षी तिला वकिलीची सनद मिळाली तेव्हा ती पेढे घेऊन आली. अण्णा बाहेर गेले होते, आम्ही दोघीच होतो. तिने पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मला वाटलं, हिलाही सांगायला हवं. मी सांगितलं. ते तीन भाग माझ्या आवाजात का आहेत, ते. सगळं, खोटं बोलले होते त्यासकट.

ती ऐकत होती. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती, हात मोकळे होते.

“मला काहीतरी वेगळंच वाटायचं,” ती म्हणाली. “बाईंचा आवाज शेवटी शेवटी फार बसला होता ना, ऐकताना मलाच त्रास व्हायचा. आणि मध्येच तुमचा भाग लागायचा. तेव्हा मला वाटायचं, बाई जरा पाणी प्यायला गेल्या आहेत.”